फिलूचा ‘शेजार’

फिलू गेल्याची बातमी मला आमच्या इमारतीतल्या रेखाकडून कळली. हे आधीच लिहून टाकते, कारण त्या क्षणी मला रडू आलं नाही. मी शाळेत बारावीच्या सराव परीक्षेवर होते, फोन स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये. बाहेर येऊन बघते तर रेखाचे सात मिस्ड कॉल. "सकाळी सहालाच जोसेफचा फोन आला गं मला... हार्ट अटॅक... ॲम्ब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं," ती हुंदके देत सांगत होती. आणि चौदा वर्षांपासून फिलूची मैत्रीण असलेली मी, कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून, मनात म्हणत होते : रेखाला सहा वाजता, आणि मला साडेअकराला? रडू नंतर आलं. पण आधी हे आलं, आणि आता सहा आठवडे झाले तरी ते गेलेलं नाही.

फिलोमिना वसईजवळच्या एका गावची. बारावी झाल्यावर ती क्रूझ बोटींवर कॅसिनोत डीलर म्हणून लागली आणि नऊ वर्षं तिनं जगभरच्या लोकांना पत्ते वाटले. मग जोसेफशी लग्न झालं, तो इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, आणि ती बहरीनला आली. इथं जुगाराला कायद्यानं बंदी, त्यामुळे तिच्या हातातली ती कला एका दिवसात बिनकामाची झाली. सीफमधल्या एका हॉटेलात ती बँक्वेटचं बुकिंग बघायला लागली. आम्ही दोघी नईममधल्या एकाच इमारतीत, ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी पुण्याची, एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. पहिल्याच भेटीत तिनं माझं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, "मी तुला टीचरच म्हणणार. चालेल ना?" चाललं. पुढे सगळी इमारत मला टीचर म्हणायला लागली.

दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की तिच्याकडे पत्ते. पैसे कधीच नाहीत, राजम्याचे दाणे. त्यासाठी वेगळी बरणी होती आणि तो राजमा शिजवायचा नाही असा नियम. फिलू पत्ते वाटायला लागली की बोलणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. पान तिच्या बोटांतून सुटायचं आणि बरोबर तुमच्यासमोर येऊन थांबायचं, जणू त्याला तुमचा पत्ता माहीत होता. माझा नवरा, जो घरी टीव्हीसमोरून उठत नाही, तो शुक्रवारी जेवण घाईघाईनं उरकून म्हणायचा, "चला, यल्ला, फिलूकडे उशीर होईल." माझी मुलगी, जी मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते, ती फिलूशी मात्र मराठी बोलायची. तिच्याकडे जाताना माझ्या घरातली माणसं निराळीच व्हायची. मला ते दिसत होतं. आवडत होतं असं म्हणवत नाही.

चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी तिनं आम्हाला नवा खेळ खेळायला लावला. तो तिनं स्वतः रचला होता. प्रत्येकाला तीन पानं, डीलरलाही तीन, बेरीज नवाच्या जितकी जवळ तितकं चांगलं. इथपर्यंत जुनंच. पण एक गोष्ट नवी : आपलं एक पान उजवीकडच्या शेजाऱ्याला देता यायचं. त्या पानामुळे शेजारी जिंकला तर देणाराही जिंकला. "बोटीवर नऊ वर्षं मी हेच बघितलं," ती म्हणाली. "माणसं एकटी येऊन बसतात, आणि अर्ध्या तासात बाजूच्याच्या पानांत डोकावतात. आम्ही त्यांना दटावायचो, बघू नका म्हणून. अरे, त्यांना बघायचंच असतं! मग बघण्याचाच गेम का नको?" खेळाचं नाव तिनं ठेवलं ‘शेजार’. त्या दुपारी कुणी चहालासुद्धा उठलं नाही. आणि मी, जिला संभाव्यता शिकवायला लागून वीस वर्षं होत आली, राजम्याच्या ढिगाकडे बघत बसले होते... हे मला का सुचलं नाही?

नवा खेळ कॅसिनोत आणणं म्हणजे काय असतं, हे मला तिच्यामुळे कळलं. तिथं एकेका टेबलाची जागा ठरलेली असते, आणि नवा खेळ ठेवायचा तर आधी चालणारा जुना उचलावा लागतो. डीलरना नव्यानं शिकवायचं, कॅमेऱ्यांवर बसणाऱ्यांना नव्यानं शिकवायचं, आणि सगळ्यात आधी कॅसिनोला शेकड्यामागे किती उरतं हे आकड्यांत दाखवायचं. ते आकडे मी काढून देणार होते. बाब अल बहरीनच्या मागच्या कापडबाजारातून तिनं हिरवं कापड आणलं, शिंप्याकडून त्यावर पांढरे चौकोन शिवून घेतले. शिंप्यानं विचारलं, "मॅडम, ये किसलिए?" तर म्हणाली, "चर्च की फेट है भैया, बच्चों का गेम." त्याच कापडावर पुढचे कित्येक शुक्रवार आम्ही खेळलो. नवीन कुणी आलं की फिलू माझी ओळख करून द्यायची : "ही आमची टीचर. मला बेरजा करून देते."

बेरजा! सहा-सहा महिने मी रोज शाळेतून येऊन लॅपटॉपवर लाखो डाव खेळवत होते, आणि ती म्हणत होती बेरजा. ती प्रेमानं म्हणायची, हे आज लिहिताना कळतं. तेव्हा प्रत्येक वेळी कुठंतरी बारीक टोचायचं.

आणि मग त्या आकड्यांत मला एक भोक सापडलं. टेबलावरच्या सगळ्यांनी आपसांत ठरवलं, नजरेनं किंवा भुवईनं आपली पानं एकमेकांना कळवली, आणि योग्य पान योग्य शेजाऱ्याला दिलं, तर कॅसिनो हरत होता. नेहमीच. फिलूची गोव्याची तारीख ठरली होती, मांडवीतल्या बोटीवरच्या एका कॅसिनोनं तिला खेळ दाखवायला बोलावलं होतं. माझ्याकडे पंधरा दिवस होते. मी तिसऱ्या मजल्यावर जायचे, चहा प्यायचे, परत यायचे. रोज ठरवायचे, उद्या सांगू. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलंसुद्धा, "टीचर, सगळं बरोबर ना?" मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत." आकडे बरोबरच होते.

तिथं काय झालं ते तिनं परत आल्यावर हसत हसत सांगितलं. त्यांच्या मॅनेजरनं आपलीच चार माणसं टेबलावर बसवली. दहा मिनिटांत ती एकमेकांना खुणा करायला लागली आणि समोरच्या सगळ्या चिप्स ओढून मोकळी झाली. मग मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हा गेम आमच्यासाठी आहे की आमच्याविरुद्ध?" सगळे हसले, तीही हसली. सांगताना मात्र ती कपाच्या कानावरून अंगठा फिरवत राहिली होती. "टीचर, तुझ्या आकड्यांत हे दिसलं नाही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही गं. असं कोण खेळेल, असं वाटलं." तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पापाचं प्रायश्चित्त म्हणा, मी दोन आठवडे त्या भोकावर उपाय शोधत होते. कागदाचे गठ्ठे झाले. एका संध्याकाळी ते घेऊन वर गेले तर ती स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. मी समीकरणं समजावायला लागले आणि ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "मग पान बघूच द्यायचं नाही ना! दोन पानं बघायची, तिसरं पालथं. द्यायचं तर ते पालथंच द्यायचं." मी खाली येऊन आकडे लावले. कॅसिनोचं भागत होतं, खुणांचा उपयोग संपला होता. दोन आठवडे विरुद्ध एक बोंबील. त्या रात्री मी जेवले नाही, नवऱ्याला सांगितलं डोकं दुखतंय.

पुढच्या मे महिन्यात त्याच कॅसिनोनं महिनाभर एक टेबल द्यायचं कबूल केलं. फिलूनं वर्षाची सगळी लीव्ह त्यात घातली. रेखा बँकेत आहे, सावंतवाडीची, ती माहेरी आली होती आणि तिथून एक आठवडा फिलूबरोबर राहिली. दोघींचे फोटो रोज ग्रुपवर. मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी मी रजा काढून पुण्याला आले आणि तिथून बसनं गेले, तीन दिवसांसाठी.

दुपारचे चार वाजले होते, पण आत खिडक्याच नाहीत, त्यामुळे वेळ कळत नव्हती. सगळ्या टेबलांवर गर्दी, आणि मधे एक रिकामं. त्यामागे सत्तरी तालुक्यातली एक डीलर बाई, हात बांधून, आणि बाजूला फिलू, इस्त्रीच्या ब्लेझरमध्ये. येणारी माणसं थांबायची, पाटी वाचायची, फिलू हसून पुढे व्हायची, आणि ती माणसं म्हणायची, "नंतर बघू." आणि जुन्या ओळखीच्या टेबलाकडे जायची. दोन दिवस मी हेच बघितलं. "त्यांना गेम अवघड वाटत नाही गं," ती मला हळूच म्हणाली. "अनोळखी लोकांसमोर आपल्याला येत नाही हे दिसेल, याची भीती वाटते. रिकाम्या टेबलावर पहिला कोण बसणार?" मी तिचंच माणूस, मला बसायला परवानगी नव्हती. डीलर बाईसुद्धा कुरकुरत होती, की या टेबलावर उभं राहिलं तर टिप मिळत नाही.

तिसऱ्या दुपारी राजकोटचं एक कुटुंब आलं, दोन भाऊ आणि त्यांच्या बायका. धाकटी जाऊ म्हणाली, "आपण ज बेसीए ने, बीजु कोण छे?" आपणच बसू, दुसरं आहे कोण, असं म्हणत बसली चौघं. पहिल्या डावात कुणी पान दिलं नाही. दुसऱ्यात मोठ्या जावेनं पालथं पान धाकटीकडे सरकवलं, धाकटी जिंकली, आणि दोघी अशा ओरडल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. पाऊण तास तिथं नुसता हसण्याचा कल्लोळ होता. मागे सात-आठ जण उभे राहून बघत होते. फिलू दोन्ही हात मागे धरून उभी, ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. आणि मला वाटलं, हे कुटुंब उठून जावं. आत्ताच्या आत्ता जावं... असं मला वाटलं. लिहिलं आहे ते खोडणार नाही.

महिना संपला आणि टेबल उचललं. मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, दुसरीकडे कुठं चालला की घेऊन या, आम्ही नक्की ठेवू. दुसरीकडच्यांनीही तेच सांगितलं. फिलू बहरीनला परतली. एअरपोर्टवरून तिला आणायला मीच गेले होते, पण गाडी चालवायला तिनं घेतली. नईमच्या अलीकडे सिग्नलला मी तिला सगळं सांगून टाकलं. भोक मला आधीच सापडलं होतं. पंधरा दिवस आधी.

सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दिला. तिनं गाडी पुढे काढली, मग म्हणाली, "मॅनेजरच्या त्या चौघांनी मला हरवलं तेव्हा मी हसत होते, टीचर. मला वाटलं माझीच चूक." इमारतीखाली गाडी थांबवली. "उतर."

तीन महिने ती माझ्याशी बोलली नाही. जिन्यात भेटली तर "गुड मॉर्निंग" म्हणायची, शाळेतल्या पालकांसारखं. शुक्रवारी वरून हसण्याचे आवाज यायचे, माझा नवरा आणि मुलगी जायचे, मी पेपर तपासत बसायचे. मग एका सकाळी तिचा फोन आला. "एक प्रश्न आहे. पत्त्यांचे सहाच्या ऐवजी चार डेक घेतले तर काय होतं?" बस, एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. मी आकडे काढून दिले आणि शुक्रवारी वर गेले. तिनं माझ्यासमोर पानं टाकली, नेहमीसारखी, अगदी बरोबर. असे पाच-सहा शुक्रवार मिळाले मला. मग तो सात मिस्ड कॉलचा मंगळवार.

जोसेफ तिला घेऊन वसईला गेला, महिन्यानं परतला. मी भेटायला गेले तर त्यानं एक जाड वही माझ्या हातात दिली. "टीचर, यात गेमचं काहीतरी आहे. तुम्हालाच कळेल."

आकडे नव्हतेच त्यात. माणसं होती. चार वर्षांचे शुक्रवार, आणि खेळायला बसलेल्या प्रत्येकाचं काहीबाही, तिच्या बारीक अक्षरात. कोण कधी हसलं, कोण कधी उठलं, कुणाला नियम दोनदा सांगावा लागला. माझ्या नवऱ्याबद्दल : "हरल्यावर जास्त बोलतो, बोलू द्यावं." माझ्या मुलीबद्दल पाऊण पान. रेखाबद्दल तीन पानं, आणि शेवटी अधोरेखित : "गेम हिच्यासारख्यांसाठी बनवायचा." मी पानं मोजली, खरंच मोजली. मग माझं नाव शोधलं. एका जागी दोन ओळी होत्या. "टीचर. पान देत नाही. चार वर्षांत एकदाही नाही." आणि खाली वेगळ्या शाईत, बहुतेक नंतर कधीतरी : "ही कशानं देईल?"

मी ती वही घेऊन खाली आले. गेल्या आठवड्यात जोसेफचा फोन आला, रेखाला वाचायची आहे, तिच्याकडे द्याल का? मी म्हटलं, हो, देते की, इंशाल्ला, शुक्रवारी. तो शुक्रवार गेला. काल रेखा जिन्यात भेटली आणि तिनं स्वतःच विचारलं.

"अजून वाचून व्हायचीय माझी," मी तिला सांगितलं.