शांताअक्का आणि माझं चुकलेलं पत्रक

अन्याय झाला दस्तगीरचाचांवर. परवा सोमवारी, सकाळी नऊ वाजता, मुरुमजवळच्या आपल्या गावात. आणि तो केला मी. चाचा नळाला पाणी सोडतात. 'दस्तगीरमुळे गाव आठ दिवस कोरडं!' असं पत्रक मी छापून घरोघर वाटलं. दुपारी पाणी समितीनं त्यांना कामावरून काढलं. मी खुशीत! पत्रकाला इतक्या लवकर गुण आला कधी?

त्याच तोऱ्यात संध्याकाळी शांताअक्कांच्या वर्गाला गेले. अक्का कोण, हे वरच्या आळीला ठाऊक नसेल. द्राक्षं परदेशी धाडणाऱ्या कंपनीत त्यांनी वीस वर्षं स्पॅनिश पत्रं लिहिली. आता ओसरीवर आम्हा दहा पोरींना ती भाषा फुकट शिकवतात. चष्मा कपाळावर, बोटांना खडू, आणि आमचं चुकलं की "अय्यो शिवने!"

त्या दिवशी कारण सांगायला शिकवत होत्या. "आपलं 'मुळं' लई सोशिक. 'तुमच्यामुळं पास झाले', 'तुमच्यामुळं नापास झाले', दोन्हीला चालतं. तिकडं तसं न्हाय. भलं झालं तर 'ग्रासिआस आ'. दोष द्यायचा तर 'पोर कुल्पा दे'. नुसतं कारण सांगायचं तर 'देबिदो आ'."

मी ताडकन उठले. "पोर कुल्पा दे दस्तगीर!" पोरींनी टाळ्या पिटल्या.

अक्कांनी टाळ्या थांबू दिल्या. "वाक्य बरोबर हाय. पेटी उघडून बघितलीस?"

कंपनीत माल सडल्याची तक्रार आली की 'कुल्पा' लिहिण्याआधी अक्का गोदामात जायच्या. त्याच मालातली नमुना म्हणून मागे ठेवलेली पेटी स्वतः फोडायच्या, साहेब कितीही ओरडो. "त्या शब्दानं कुणाचं तरी पोट जातं, बाई. नाकाला वास आल्याबिगर लिहायचं न्हाय."

"अक्का, त्यात बघायचं काय? पाणीच न्हाय!"

"पुढारीण झालीस व्हय? चल टाकीवर."

वर्गच्या वर्ग टाकीकडं निघाला. अक्का सगळ्यांच्या पुढं, आम्ही मागं धावतोय! टाकीपाशी चाचा बसलेले; काम गेलं तरी त्यांना टाकी सोडवत नव्हती. व्हॉल्व्हचं चाक मी फिरवून पाहिलं. नुसतंच गरगरलं, आतून मोडलेलं. चाचांनी खिशातून कागद काढला. दुरुस्तीचा अर्ज, पाणी बंद झालं त्याच दिवशीचा, त्यावर समितीचा पोचशिक्का.

"बेटी, विचारलं असतंस तर तवाच दाखवला असता की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कांनी जवळ घेतलं नाही, की झापलंही नाही. "रडायला येळ न्हाय. दुसरं छाप."

तेच हे पत्रक. गाव कोरडं राहिलं ते अर्ज दाबून बसलेल्या समितीमुळे. चाचांचं काम गेलं ते माझ्यामुळे. दोन्ही बघून, खात्री करून लिहिलंय.

शुक्रवारी अकराला समितीची बैठक आहे. अक्का पहिल्या रांगेत असतील. माझं पत्रक वाचून ज्यांनी ज्यांनी चाचांना नावं ठेवली, त्या तुम्ही सगळ्यांनी यायचं. भिंतीला टेकून गंमत बघायची नाही. 'चाचांना आजच्या आज कामावर घ्या' हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं.