जांभळाच्या गाठीचं वाडगं

खरादावर मी नुसती दोरी ओढत नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. भोरात आमचं घर कातारकामाचं. लाटणी, पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, रवीच्या दांड्या, काय म्हणाल ते लाकूड फिरवून कातून द्यायचं. या कामाला दोन माणसं लागतात. एकानं दोरीनं लाकूड फिरवायचं, उजवा हात मागं, डावा पुढं, परत डावा मागं. दुसऱ्यानं समोर बसून पटाशी लावायची. पटाशी ह्यांची आणि दोरी माझी, अशी आमच्या संसाराची वाटणी होती. लोकांच्या लेखी कातारी म्हणजे पटाशीवाला, आणि दोरीवरची बाई म्हणजे मोटेचा बैल.

पण लाकूड कुठं धड आहे आणि कुठं कुजलंय, हे पटाशीच्या आधी दोरीला कळतं. कठीण लाकूड दोरीला अडवतं, तळहाताला झोंबतं. मऊ लागलं की दोरी एकदम ढिली येते, जिन्याची पायरी चुकावी तसा हात पुढं जातो. मी म्हणायची, "थांबा, इथं मऊ लागतंय." हे म्हणायचे, "तू दोरी वढ." मग दोन फेऱ्यांनी स्वतःच थांबायचे, नखानं टोकरून बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझ्या ध्यानात आलं म्हणून बरं, न्हाईतर वाया गेलं असतं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण चार माणसांत नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, म्हणून गप्प बसायची. असा बारा वर्षांचा राग माझ्या पोटात साठला होता. पुढं जे सांगणार आहे त्याला हा राग कारण झाला, पण सबब म्हणून नाही सांगत. माझी बाजू सावरण्यासारखी नाहीच.

संस्थान जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. एका बाजारच्या दिवशी वेल्ह्याकडच्या डोंगरावरचा एक म्हातारा धनगर दारात आला. खांद्यावर पोतं, पोत्यात जांभळाची गाठ. झाडाच्या खोडाला कधी कधी गळ्याला आवाळू यावं तशी गाठ धरते. आतलं लाकूड पिळलेलं, रेघारेघांचं असतं, दिसायला फार देखणं. शिवाय ते गरम-गार सोसतं, सरळ लाकडासारखं तडकत नाही. पण अशा गाठीत पाणी मुरतं आणि कुठंतरी आत भुसा झालेला असतो. म्हणून गाठीचं काम हे टाळायचे.

म्हातारा उंबऱ्यापाशी बसला आणि म्हणाला, "याचं वाडगं करून द्या. बूड रुंद, जड. कलंडायला नगं."

ह्यांनी विचारलं, "कशाला पायजे?"

"घरच्या म्हातारीला. हात लई थरथरत्यात तिचं. पितळीतली आंबील हाताला चटका देती, मग सुटतीच. आता सून भरवती. सून काय वाईट न्हाई. पर हिला सुनंच्या हातनं खायची लाज वाटती. चार घास खाती अन् पुरे म्हनती. भूक असती तिला, म्या वळखतो की. दिसामाशी वाळत चाललीया. लाकडाचं असलं तर चटका बसायचा न्हाई. आपल्या हातानं खाईल."

एवढं बोलून त्यानं ती गाठ आमच्यापुढं सरकवली. वर्षभर चुलीच्या वर आढ्याला बांधून वाळवली होती, धुरानं काळी पडली होती. ह्यांनी चार ठिकाणी बोटानं वाजवून बघितली आणि, नवल म्हणजे, हो म्हणाले. मोबदल्यात एक मडकं तूप ठरलं. पुढच्या बाजाराला न्यायला ये म्हणून सांगितलं.

वाडगं बाहेरून उतरलं तेव्हा मी दोरी धरून बघतच राहिले. जांभळी, तपकिरी रेघा एकमेकींत शिरलेल्या. आतून कोरायला घेतलं आणि तळाशी दोरी ढिली आली. मी बोलले नाही. मुद्दामच बोलले नाही, म्हटलं बघू तरी यांना कधी कळतंय. कळलं त्यांना. त्यांनी खराद थांबवला, अंगठ्याचं नख रोवलं, तर नख आत गेलं. रुपयाएवढी जागा, आरपार भुसभुशीत.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "खायच्या भांड्याला हे न्हाई चालायचं. म्हातारा आला की सांगू, दुसरं लाकूड आण."

"लाख भरली तर?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी विहिरीत शेण टाकू का म्हणून विचारलं. खायच्या भांड्याला आतून लाख लावायची नाही, हा आमच्या घरचा नेम. बाहेरून हवा तो रंग चढवा, आतून लाकूड उघडं पाहिजे. एक तर घेणाऱ्याला लाकूड दिसावं, आणि दुसरं म्हणजे लाख उन्हाला, चटक्याला मऊ पडते. बांगडीची लाख विस्तवावर वळते, ती गरम अन्नाला काय टिकणार. हे कातारी म्हणवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी हे कामथडीला एका घरी पाळणा जोडायला गेले. दोन दिवसांचं काम होतं. वाडगं फळीवर उताणं पडलेलं. येता-जाता माझी नजर तिकडं जायची. मला वाटायला लागलं, मीच हे पुरं केलं तर? ह्यांनी टाकून दिलेलं भांडं मी उभं करून दाखवलं, तर मग कोण दोरीचा बैल आणि कोण कातारी ते कळेल. म्हातारीची दया आली म्हणून केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. त्या दिवशी म्हातारी माझ्या मनातसुद्धा आली नव्हती.

सुरीनं मी कुजका भाग कोरून काढला. लाख वितळवली, तिच्यात त्याच जांभळाचा चाळलेला भुसा घातला आणि भोक दाबून भरलं. शेजारणीला दोरीवर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्या जागेवर बसून पटाशी हातात घेतली. भांडं बिघडलं नाही. मग ठिगळ दिसू नये म्हणून आतून सगळीकडं तपकिरी लाखेची कांडी फिरवली आणि केवड्याच्या पानानं घासून अशी चकाकी आणली की त्यात तोंड दिसावं. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, तुझा हात तर भावजींच्या वरताण." मला आकाश ठेंगणं झालं. वाडग्यात काठोकाठ पाणी भरून दिवसभर ठेवलं. थेंब गळला नाही. गार पाणी होतं ते. गरम घालून बघायची माझी छाती झाली नाही, म्हणजे आत कुठंतरी मला कळत होतंच.

बाजारच्या दिवशी म्हातारा सकाळीच आला. हे अजून परतले नव्हते. त्यानं वाडगं दोन्ही हातांत घेतलं, फिरवून फिरवून बघितलं. म्हणाला, "आतनं बी रंगवलं व्हय? लई झ्याक." मग जरा थांबून त्यानं सरळ विचारलं, "कढत आंबील चालंल न्हवं यात?"

तेवढा एकच प्रश्न होता. नाही म्हणाले असते तर तो वाडगं ठेवून गेला असता आणि दुसरी गाठ शोधली असती. जास्तीत जास्त माझी हौस फुकट गेली असती.

मी म्हटलं, "चालंल की बाबा. न चालायला काय झालं?"

त्यानं तुपाचं मडकं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि वाडगं धोतराच्या पदरात बांधून गेला. हे संध्याकाळी आले. मी सांगितलं, म्हातारा तसंच अर्धं वाडगं घेऊन गेला, करडांपुढं कोंडा ठेवायला होईल म्हणाला. "मग तूप कशाचं?" हे म्हणाले. मी म्हटलं, "माणूस चांगलाय." म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला, ते ह्यांना दाखवणं, तेही माझ्याच्यानं झालं नाही. त्यांच्या कपाळावरची आठी डोळ्यांपुढं आली आणि माझी सगळी मिजास उतरली. तूप मात्र आम्ही खाल्लं. गरम भातावर घालून खाल्लं आणि फार गोड लागलं, हे सांगायचीही आता लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात त्या डोंगरावर वाऱ्यानं एक मोठं हेदूचं झाड पडलं. म्हाताऱ्यानं निरोप धाडला, लाकूड बघून जा. हेदू म्हणजे खरादाचं सोनं. नसरापूरपर्यंत आम्ही एसटीनं गेलो, पुढं वेल्ह्याकडं कोळशाच्या लॉरीत बसून आणि तिथून चढ पायी. मी यायला नको म्हणत होते, तर हे म्हणाले, लाकडाला दोर बांधायला तूच लागतेस. वाटेत मला एकच धास्ती. ते वाडगं ह्यांच्या नजरेला पडलं तर मी मेले. म्हातारीचं काय झालं असेल, हा विचार चढावर निम्म्यात आल्यावर पहिल्यांदा आला.

घर म्हणजे कुडाच्या भिंतींचं एक खोपटं आणि बाजूला जनावरांचा गोठा. म्हाताऱ्यानं पाणी दिलं आणि हे त्याच्याबरोबर झाड बघायला तसेच पुढं गेले. मी सुनेपाशी चुलीजवळ बसले. पलीकडं गोधडीवर म्हातारी बसली होती. एवढीशी, पोरीएवढी दिसत होती. मांडीवरचे हात हलत होते, थांबतच नव्हते. वाडगं फळीवर होतं, राखेनं घासून लख्ख ठेवलेलं.

सून माझ्याच वयाची, हसरी. तिनं ते काढून माझ्या हातात दिलं. "बगा, किती जपलंय. पर वापरात न्हाई. आत्तीबाईंना धरवलंच न्हाई. धा-बारा दिस बरं चाललं. आपल्या हातानं खात व्हत्या, भाकरी बी कुस्करून घ्यायच्या. मग आंबील मांडीवर सांडाय लागली. म्या म्हनले, आत्ती, नीट धरा. तर म्हनायच्या, म्या न्हाई सांडलं, भांडं खालनं गळतंय. एकदा तर मांडी पोळली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मामंजींनी पानी भरून दावलं त्यांना. सकाळधरनं सांजंपातुर ठेवलं, एक थेंब पडला न्हाई. गळकं असतं तर पानी गळलं नसतं व्हय? तवापास्नं त्या भांड्याचं नाव काढत न्हाईत. आता म्याच भरवते."

मी वाडग्याच्या बुडाला अंगठा लावला. ठिगळाची कड वर आली होती. गरम आंबील पडली की लाख मऊ पडून कडेनं वाट देत होती, गार झाली की पुन्हा घट्ट बसत होती. गार पाण्याला ती कधीच गळणार नव्हती. जी परीक्षा त्यांनी घेतली तीच मीही घेतली होती. फरक एवढाच, की त्यांना लाख माहीत नव्हती.

सांगायला किती वेळ लागला असता? आजी, तुम्ही खरं बोलत होता, भांडं गळकं आहे. एवढंच. सून होती, चुलीवर आंबील रटरटत होती. वाडग्यात ओतून दाखवलं असतं तरी झालं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाहेर ह्यांचा खोकला ऐकू आला, झाडावरून परत येत होते. मी वाडगं पटकन सुनेच्या हातात दिलं आणि म्हटलं, "फळीवर मागं ठेवा, जनावर पाडंल." इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी पदर तोंडावर घेते.

सुनेनं पितळीत आंबील ओतली, फुंकून निववली आणि सासूपुढं बसली. म्हातारीनं दोन घास घेतले आणि हातानं पुरे अशी खूण केली. मग माझ्याकडं वळली. तिला नीट दिसत नसावं, पण मी कुठली कोण हे तिला ठाऊक होतं.

"बाय," ती म्हणाली, "तुज्या घरचं एवढं चांगलं भांडं. म्या त्याला खोटं पाडलं. गळतंय म्हनले. हात माजंच गेल्यात गं, मला कळंना झालं व्हतं. राग मानू नगंस."

हे दाराशी येऊन चपला काढत होते.

मी म्हटलं, "असू द्या, आजी. वयानं व्हतं असं."

तिनं मान हलवली. सुनेनं तिसरा घास पुढं केला, तेव्हा तिनं डोळे मिटून तोंड उघडलं.