ढेपेच्या रिक्षातले काका

म्हशीला घालायच्या ढेपेची जाहिरात करत आमच्या गावात रिक्षा फिरवतेत ते काका कवातरी लई गाजलेले गाणारे होते म्हणं. रिक्षावर त्यायचा फोटू हाय, गळ्यात गिटार, खांद्यावर काळेभोर केस, आन् शेजारी म्हैस. काळा चष्मा कवाच काढत न्हाईत. गोठ्यासमोर बी माईकवर म्हणतेत, "रसिकहो, घ्या सरकी ढेप!" म्हशी नुसत्या बघतेत.

नारायणगडच्या यात्रेदिवशी माझ्या लेकराला ताप चढला, त्यानं डोळे फिरवले, मी तसंच उचलून रस्त्यावर पळाले तर समोर त्यायचीच रिक्षा. "बस लेकी," एवढंच म्हणाले आन् बीडकडं सोडली. पुढं यात्रेची ही गर्दी! काका माईकवर वरडले, "रसिकहो, लेकरू आजारी हाय, वाट द्या!" लोकायला वाटलं ही बी जाहिरातच, ते उलट जवळ आले. "काका, गाणं होऊ द्या!"

तवा काकांनी चष्मा काढला आन् डोक्यावरचे केस बी. टोप होता! तसंच उघडं टक्कल घेऊन बाहेर वाकले, "हात जोडतो बाबांनो, आज जाहिरात न्हाई." कुणी हसलं न्हाई. वाट झाली. दवाखान्यात सुई टोचल्यावर लेकरू मोठ्यानं रडलं, तवा कुठं मी श्वास घेतला.

काल काका पुन्हा केस लावून आले. "कसा हाय आमचा धाकटा रसिक?" लेकरानं सरळ त्या केसालाच हात घातला. मी घाबरून त्याला मागं वढाया लागले.

"राहू दे गं," म्हणाले, आन् डोकं आणखी खाली वाकवलं.