दुसरी बाटली

माझ्या सायकलला बाटल्या अडकवायला दोन जागा आहेत. एकीत माझी करडी बाटली असते, दुसरीत निळी. निळी माझी नाही. ती वर्षभर माझ्याकडे राहिली आणि दर रविवारी मी ती काठोकाठ भरून सव्वाशेक किलोमीटर फिरवून आणली, एक घोटही न पिता. घरी आलो की ती बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायची, धुवायची, पालथी घालायची. कोणी पाहिलं असतं तर याचं डोकं फिरलंय म्हणालं असतं. पाहायला कोणी नव्हतं, एवढी सोय होती.

मी बारामतीजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहे. बायको पुण्यात मुलीच्या कॉलेजसाठी खोली घेऊन राहते. महिन्यातून एकदा दोन दिवस येते, फ्रीज पुसते, मला चार शब्द सुनावते आणि जाते. बाकीचे दिवस मी आणि फ्लॅट. कामाचं म्हणाल तर आम्ही दिवसभर गोडी मोजतो. रिफ्रॅक्टोमीटर म्हणून हातात मावेल एवढं नळकांडं असतं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि रेषा कुठे येते ते वाचायचं. त्या आकड्याला ब्रिक्स म्हणतात. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली तरी मला आधी पाकाचा आकडा दिसतो, आणि मी तो शेजारच्याला सांगतोही. माझ्या शेजारी पंगतीला कोणी आपण होऊन बसत नाही.

निळी बाटली ज्याची, तो काटेवाडीचा. मोठ्या रस्त्यापासून आत, कालव्याच्या चारीच्या कडेनं गेलं की त्याची वस्ती. सहा म्हशी, थोडा ऊस, थोडी वांगी. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. "आमचं बूड एका जागी ठरत न्हाय, ते रक्तातच हाय," असं म्हणत तो सायकलवर टांग मारायचा. आमची ओळख सायकलच्या दुकानात झाली, दोघांचीही ट्यूब एकाच दिवशी फुटली होती. पुढं सहा वर्षं दर रविवारी दिवस उगवायला आम्ही काटेवाडीच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी भेटत होतो. तिथून लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर, मग सोलापूरच्या हमरस्त्यानं उजनीचं पाणी उजव्या हाताला ठेवून भिगवण, आणि तिथून खाली बारामती. बोलणं फार नसायचं. तो पुढे, मी मागे. त्याच्या काळ्या जर्सीवर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. सहा वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि त्यांचा अर्थ मला एकदाही कळला नाही.

मग दोनशे किलोमीटरची राईड करायचं ठरलं. साडेतेरा तासांत पुरी करायची असते ती. पेयाचं खातं अर्थातच मी घेतलं. मेडिकलमध्ये मिळणारी नारिंगी पावडर मी पहिल्या रविवारीच बाद केली, कारण डब्यावर लिहिलेल्या मापानं ती कालवली तर पोटात दगड बसल्यासारखं व्हायचं. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी दुसऱ्या रविवारी बाद झाली. तिच्यात गोडी नावालाही नाही, नुसता फेस. मित्र दोन्ही गुमान प्यायला आणि "बरं हाय की," म्हणाला. त्याला सगळंच बरं असायचं.

शेवटी मीच बनवलं. साखर, ग्लुकोज, लिंबू, आणि ब्रिक्स बरोबर सात. सातच्या वर गेलं की पोट घेत नाही, खाली आलं की पायांना काही मिळत नाही, हे मी वाचून ठेवलं होतं. मीठ घालायचं हेही वाचलं होतं. पण मीठ विरघळलं की रिफ्रॅक्टोमीटरची रेषा जराशी वर सरकते. ते यंत्र गोडी आणि खारटपणा वेगळा करत नाही, पाण्यात विरलेलं सगळंच धरतं. माझा सातचा आकडा बिघडायचा. म्हणून मी म्हटलं, आधी साखर नक्की करू, मीठ मागाहून बघू. ते मागाहून कधी आलं नाही. रेषा इतकी स्वच्छ यायची की तिला हात लावावासा वाटेना. जगात साखरेच्या कारखान्यातला माणूसच ही चूक करू शकतो.

दोनशेच्या राईडचा तो एप्रिलचा रविवार होता. गळीत हंगाम संपलेला, कारखान्याची चिमणी थंड, आणि ऊन सकाळी आठलाच कातडं सोलणारं. मी त्याला दर पंधरा मिनिटांनी "पी, पी," म्हणत होतो. संपलं की बरोबर आणलेल्या साठ्यातून माझ्या हातानं त्याची निळी बाटली भरत होतो. तो मुकाट्यानं पीत होता. दुपारी, दुसऱ्या फेरीत निमगाव केतकी ओलांडल्यावर म्हणाला, "घड्याळ काचतंय." त्याचा पंजा सुजला होता, बोटातली अंगठी मांसात रुतली होती. थोड्या वेळानं तो उलटी करायला थांबला. वर पाहिलं तेव्हा त्याची नजर माझ्यावर ठरत नव्हती. "तात्या, मेंढरं कुठवर गेली?" असं त्यानं मला विचारलं. तात्या म्हणजे त्याचा आजा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. एका टेम्पोवाल्यानं दोघांना आणि सायकलींना इंदापुरात दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं मीठ फार उतरलंय. नुसतं पाणी पीत होते का?"

"नाही," मी म्हणालो, "स्पोर्ट्स ड्रिंक."

"मग असं कसं झालं?"

मी मूग गिळून गप्प बसलो.

संध्याकाळपर्यंत तो शुद्धीवर आला. त्याची बायको जीप करून आली होती. मला वाटलं आता ही विचारणार, आणि विचारलं तर मी सांगून टाकीन. ती माझ्यापुढं येऊन हात जोडून उभी राहिली. "भाऊजी, तुमी संगं हुता म्हणून माझं कुकू ऱ्हायलं." तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या वस्तीवर जाऊन बसलो असतो. हात जोडलेले मला पेलले नाहीत. मी माझी सायकल घेऊन निघालो. त्याची सायकल त्यांनी जीपमध्ये घातली, निळी बाटली मात्र माझ्या पिशवीत राहून गेली.

त्यानंतर त्याचे फोन आले. पहिला मी उचलला आणि कारखान्यात दुरुस्तीची कामं निघालीत म्हणालो. दुसरा वाजू दिला, तिसराही. पुढं ते येईनासे झाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. काटेवाडीतून जाताना मी मान खाली घालून सायकल अशी दामटायचो की जणू मागं कुत्री लागलीत. एकदा टपरीवाल्यानं हाक मारून विचारलंच, "सायेब, जोडीदार कुठंय?" "येतोय मागनं," मी म्हणालो. तेव्हापासून तिथला चहाही सुटला.

आणि मी पेयं करून बघायला लागलो. आता सगळी माझ्यावरच. घरून निघताना वजन करायचं, आल्यावर करायचं, किती घटलं ते प्रयोगशाळेच्या जुन्या वहीत लिहायचं. नारळपाणी झालं. रसवंतीतला रस निम्म्याला निम्मं पाणी घालून, वर मीठ-लिंबू टाकून झाला. नाचणीची आंबील झाली, ती भिगवणच्या अलीकडे बाटलीत आंबून टोपण उडवून गेली. मीठ अर्धा चमचा, पाऊण चमचा, एक चमचा. राईडनंतरचं वेगळं खातं होतं. चॉकलेटचं दूध, प्रथिनांची पावडर घुसळून, केळं-दही. अर्ध्या तासाच्या आत प्यायचं म्हणतात, म्हणजे स्नायू भरून येतात. मी बादलीत पाय सोडून स्वयंपाकघरात स्टुलावर बसायचो आणि घड्याळ बघत प्यायचो. समोर भिंत. वहीत नोंदी आहेत: पोट जड. गोळे आले नाहीत. झोप नाही. "झोप नाही" हे जवळजवळ प्रत्येक रविवारी आहे. त्याला कुठल्याच पावडरीचा उतारा लागू पडला नाही.

निळी बाटली मी दर वेळी का भरत होतो, ते मला नीट सांगता येणार नाही. रिकामी जागा मांडीशी खुळखुळल्यासारखी वाटायची, एवढं खरं. मला त्याची फार आठवण यायची. पुढं चालणारी पाठ नसली की रस्ता संपता संपत नाही.

मार्चमध्ये एका रविवारी सगळं जमलं. ना गोळा, ना मळमळ, वजन जवळपास तेवढंच. वर्षभरानं पेय बरोबर झालं होतं. मी घरात शिरलो आणि हे सांगायला कोणी नाही हे इतकं अंगावर आलं की बूट न काढताच बायकोला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. गॅस बंद केलाय ना?"

त्या महिन्यात ती आली तेव्हा बाल्कनीत उभी राहून ओरडली, "अहो, या कढीपत्त्याला काय पाजलंत?"

झाड वाळून काटकी झालं होतं. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर आला होता. जो प्रश्न इंदापूरच्या दवाखान्यात मित्राच्या बायकोनं मला विचारला नव्हता, तो आता माझी बायको एका झाडावरून विचारत होती. मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. रेषा, सातचा आकडा, डॉक्टरांपुढे गिळलेले मूग, सगळं. ती वाळकी पानं खुडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. आणि नवीन रोप आणा."

पुढच्या रविवारी दोन्ही बाटल्या भरून मी फाट्यावरून आत वळलो. चारीला पाणी सुटलं होतं. तो गोठ्यापुढं कडबा तोडत बसला होता, थोडा सुटलेला, दाढी वाढलेली. मला पाहून कोयता बाजूला ठेवला. "आलास व्हय," एवढंच म्हणाला.

मी बसलोही नाही. निळी बाटली त्याच्यापुढं ठेवली आणि उभ्या उभ्या बोललो. "त्या दिवशी मी मीठ घातलंच नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही."

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अळणी हुतं. पयल्या घोटालाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढं मापून करायचास, नळीतनं बघून बघून. म्या म्हणलं, असंल काय तरी शास्त्र." त्यानं हातावरचा कडब्याचा भुसा झटकला. "आन् ते चार दिसांचं दुखणं. त्याचं काय न्हाय. पर तू फोन बी उचलंनास. मला वाटलं, म्या मधीच पडलो, तुजी दोनशेची राईड हुकली, म्हणून राग धरलास."

मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला गोठ्यापुढं, म्हशींच्या समोर. त्यानं दुसरीकडं पाहिलं.

मी सायकल कुठं आहे म्हणून पडवीकडं नजर टाकली, तर तिथं पेंडीची पोती होती. त्याची बायको गूळ-पाणी घेऊन आली होती, तिनं माझी नजर पाहिली. "संक्रांतीपतुर हितंच हुती भाऊजी. दर आयतवारी पुसून ठिवायचे, फाट्याकडं बघत बसायचे. मग माझ्या भावाला दिली, कऱ्हाटीला. त्यो कामाला जातो तिच्यावर." तिच्या बोलण्यात कुठं टोचणी नव्हती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायलो. संक्रांत म्हणजे जानेवारी. मी मार्चच्या शेवटी आलो होतो.

मित्रानं निळ्या बाटलीचं टोपण काढून एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "आता मीठ जास्त झालंय," म्हणाला. आम्ही दोघंही हसलो, पण ते फार टिकलं नाही.

निघताना मी बाटली तिथंच ठेवली. "तुझी आहे."

"मी काय करू तिचं? ठेव तुज्याकडंच."

त्याच्या बायकोनं ती उचलली, विसळली आणि ताकानं भरून आणून दिली. "रिकामं भांडं देत न्हाईत," म्हणाली.

टपरीवाल्यानं आज काही विचारलं नाही. कालव्याच्या पुलावर थांबून मी पहिल्यांदा निळ्या बाटलीतून प्यायलो. जिरं, थोडी कोथिंबीर. मीठ बरोबर होतं आणि ते कोणी मोजलं नव्हतं.

घरी येऊन बाटली धुतली. पालथी घालणार तोच आठवलं, भांडं भरून आलंय, आता मलाही ते रिकामं नेता येणार नाही. काय भरून आणू, हे या वेळी त्यालाच विचारायचं ठरवलं आणि फोन लावला. म्हशींच्या धारेची वेळ झाली होती. घंटा वाजत राहिली. मी फोन कानाला लावून ओट्यापाशी उभा राहिलो.