पायथ्याशी बसलेली बाई

पडदा वर जातो तेव्हा दिसते एक लांबलचक खोली. जमिनीवर अंथरलेला कॅनव्हास, आणि झाडूइतक्या लांब दांड्याचा ब्रश घेऊन त्यावर नुसत्या मोज्यांनी फिरणारी एक सत्तरीची बाई. तिला सगळे पडदेबाई म्हणत. चाळीस वर्षं तिनं नाटकाचे पडदे रंगवले: महाल, जंगलं, तुरुंग, खवळलेले समुद्र. टाळ्या पडायच्या, पण पडद्यावर तिचं नाव कधी नव्हतं. राजवाड्याच्या भिंतीवर रंगाऱ्याची सही कशी शोभेल?

नाटकगृह बंद पडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला चित्र काढायला सांगितलं. एका बड्या घराण्याच्या मूळपुरुषाचं जुन्या दफनभूमीत संगमरवरी स्मारक होतं. घराण्याच्या नव्या दवाखान्याच्या दालनात त्याचं मोठं चित्र लागायचं होतं, आणि खाली सहीची मुभा होती. पडदेबाईनं रद्दीच्या कागदांवर सहीचा सराव केला, तोही नवऱ्यापासून लपवून. नवरा त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता, पुस्तक हातात धरून नटांना विसरलेली वाक्यं सुचवणारा. विंगेतून कुजबुजायची सवय अंगात इतकी मुरलेली, की आमटीत मीठ कमी पडल्याचंही तो दाराआडून सांगे.

महिनाभर ती दफनभूमीत घडीच्या स्टुलावर बसून रेखाटनं करत होती. दगडी मंचावर रेललेला म्हातारा, कलशाला टेकून रडणारी पत्नी, हातात उलटी मशाल धरलेला पंखवाला तरुण. आणि मंचामागे, कापडाच्या दगडी घड्यांच्या अंधारात, गुडघे टेकून बसलेली एक मोलकरीण, हातात पाण्याचं भांडं घेतलेली.

बाईचा हात पडद्याचा. प्रत्येक आकृती शेवटच्या रांगेला दिसलीच पाहिजे, हा चाळीस वर्षांचा नेम. चित्र रंगवताना सवयीनं तिनं सगळ्यांच्या कडेनं पांढरी रेघ ओढली. चित्र भिंतीला उभं केलं, वीस पावलं मागे गेली आणि पाहते तो काय, मोलकरीण सरळ पुढे आलेली!

चित्र दालनात पोचलं. घराण्यातले थोरले आले, सोबत त्यांची आत्या.

"ही कोण?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमच्याच दगडातली आहे."

"काहीतरीच! आम्ही दरवर्षी जातो तिथे."

"समोर उभं राहून परत येता. एकदा मागून फिरून बघा."

दोघं तडक गाडीत बसून गेले. परत आले ते चेहरे पाडून.

"आहे," थोरले म्हणाले. "पण ती अंधारात आहे. तुम्ही तिला उजेडात ओढलंत."

"ओढलं. माझ्या हाताची खोड आहे, कबूल करते."

"मग दुरुस्त करा. जरा सावलीत ढकला."

"लोक विचारतील, ही तुमची कोण लागते?" आत्या म्हणाली. "काय सांगायचं आम्ही?"

खांबाआडून नवऱ्याची कुजबुज आली, "हो म्हण. दोन हात काळपट मारायचे, झालं."

"अहो, आज तुमचं पुस्तक मिटा!" बाई एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली, की दालन घुमलं. मग ती थोरल्यांकडे वळली. "खोड माझी, पण बाई खरी. तिची बोटं बघितलीत? घडवणाऱ्यानं तुमच्या पणजोबांच्या नाकावर घेतली नाही इतकी मेहनत त्या बोटांवर घेतलीय. कुणाला दिसणार नाही हे ठाऊक असून घेतलीय. तिला मी परत कोपऱ्यात घालणार नाही."

"मग हे चित्र इथे लागणार नाही."

पडदेबाईनं पिशवीतून ब्रश काढला आणि दांडा त्यांच्यापुढे धरला. "घ्या. तुम्हीच झाका तिला. सही तेवढी पुसून देते, म्हणजे काम तुमच्या नावावर राहील."

थोरल्यांनी हात पुढे केला, आणि ब्रश न घेताच कोटाच्या खिशात घातला. आत्या खिडकीबाहेर बघत राहिली.

"बरं तर," म्हणत बाईनं पदर खोचला आणि चित्राची एक बाजू उचलली. बोटाखाली तिची पहिलीवहिली सही अजून ओलसर होती. नवरा खांबाआडून बाहेर आला. जन्मभर विंगेत उभा राहिलेला माणूस, सगळ्यांदेखत मधोमध येऊन त्यानं दुसरी बाजू धरली.

"आता हे लावायचं कुठे गं?" त्यानं विचारलं. चक्क मोठ्यानं.

"ते रस्त्यात ठरवू. तुम्ही आधी खालची कड उचला, तिचे गुडघे फरशीला घासतायत."