गाणं हर्षदाचं, तोंड माझं

मी जिवंत आहे. श्रद्धांजलीवाल्यांनो, माझा फोटो उतरवा.

गेली ती हर्षदा. अर्नाळ्याची. आमच्या 'दोन वेण्या' या गाणाऱ्या जोडीतली दुसरी. परवा सकाळी, काविळीने.

आणि तेव्हापासून वसई-विरारच्या पेजेसवर माझ्या फोटोला हार, खाली "एक आवाज हरपला". रत्नागिरीहून मामाने रडत घरी फोन केला. मीच उचलला!

एका पेजवाल्याला झापलं तर म्हणतो, "सॉरी ताई, त्यांचा फोटो पाठवा, बदलतो."

शोधला. तिचा एकटीचा एकही नाही. सगळ्यांत मी पुढे.

डोकं फिरलंय माझं. पण हा घोळ एकट्या पेजवाल्यांचा नाही.

आमचा पहिला अल्बम गोखिवऱ्यातल्या एका गाळ्यात रेकॉर्ड झाला. शेजारी बादल्यांचा कारखाना. जेवणाच्या सुट्टीत तिथली मशीनं थांबायची, तेवढ्या अर्ध्या तासात आम्ही गायचो. मला पाच-पाच टेक लागायचे. हर्षदा एकात मोकळी.

अल्बम तुफान चालला. त्यातल्या चौथ्या गाण्याशिवाय इथे आजही हळद होत नाही.

ते गाणं हर्षदाने एकटीने गायलंय. मी त्यात कोरसलासुद्धा नाही.

मग व्हिडिओत मी कशी?

शूटिंगच्या दिवशी अर्नाळ्याला अवेळी ढग आले. किनाऱ्यावर तिच्या घरचा बोंबील वाळत होता.

मी म्हटलं, "चल, मेकअपला बस."

"येडी झालीस? आभाल भरलंय, आई येकटी हाय. बोंबील भिजला तं इकनार काय?"

ती पळाली. डायरेक्टर माझ्याकडे वळला. "केतकी, तू कर लिपसिंक. कोणाला कळतंय?"

केलं मी. त्या दिवशी मला एकच टेक लागला.

व्हिडिओ पुन्हा बघा. माझ्या मागे, धूसर, डोक्याला टॉवेल गुंडाळून घाईघाईने पाटीत बोंबील भरणारी बाई दिसते? जिला बघून तुम्ही "काय रिअल लोकेशन आहे!" असं लिहिलंत?

ती गायिका आहे.

नंतर मी तिला म्हटलं होतं, "आपण खरं सांगून टाकू."

"ऱ्हाऊ दे गो. गानं चाललं ना?"

एकदाच म्हणाली. मी ती कायमची परवानगी समजले. शाली घेतल्या, नारळ घेतले. "काय आवाज आहे तुमचा" म्हटलं की मान खाली घालून हसायचे. लोकांना वाटायचं, किती नम्र मुलगी!

परवा तिच्या दारात, तिला उचलण्याआधी, तिचा एक नातेवाईक मला म्हणाला, "ताई, तुमचं ते गानं बोला ना तिच्यासाठी. दोनच ओळी."

आणि मी उभी राहिले हो. घसासुद्धा साफ केला.

तिची आई तिच्या उशाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तिला कशाला सांगता? तिला नुसतं तोंड हलवता येतं."

मी खाली बसले. काकी खोटं काहीच बोलल्या नव्हत्या.

म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय. तो आवाज हर्षदाचा आहे. पहिल्या दिवसापासून तिचाच होता, आणि मला ते माहीत होतं.

हर्षदा, शेवटचा नमस्कार.

मला माफ करू नकोस.