धूर राखणारी अर्मेलिना

अर्मेलिना दार ढकलण्याआधी टिचकी मारायची, आत कुणी नसलं तरी. विस्तवाजवळ हळू बोलायची. गल्लीच्या पायऱ्या उतरताना भिंतीवरून हात फिरवायची, आधारासाठी नव्हे, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. कुणी कौतुक केलं की लगेच हवेचा विषय काढायची.

ती काल रात्री गेली हे लिव्हियाला चर्चमध्ये मेणबत्ती लावून परततानाही खरं वाटत नव्हतं. लिव्हिया बोलोन्याच्या विद्यापीठात साहित्य शिकून वर्षापूर्वी गावी आली होती. तेव्हापासून तिच्या संध्याकाळी अर्मेलिनाच्या धूरघरात जात. डोंगराच्या माथ्यावरचं हे दगडी गाव जितकं जुनं, तितकंच ते धूरघरही. शरदात उतारावर वेचलेली सगळ्या घरांची चेस्टनटची फळं तिथल्या माळ्यावर पसरत. खाली महिनाभर विस्तव धुमसत ठेवायचा. ज्वाळा नको, नुसता धूर आणि ऊब. मग फळं दळायची. त्या पिठावर गावाचा हिवाळा निघे.

"तुझ्या पुस्तकांत चेस्टनटवर काही आहे का गं?" अर्मेलिनानं एकदा विचारलं होतं.

"आहे ना मावशी. फार सुंदर आहे."

"असेल. लिहिणाऱ्याला खोकला होता का?"

हे आठवून लिव्हियानं वर पाहिलं. धूरघराच्या कौलांतून धूर निघत नव्हता.

ती धावत गेली. आत शेजारचा फोस्को टोपी हातात धरून उभा होता. विस्तवावर राखेचा ढीग होता. माणूस गेलं की दफन होईपर्यंत त्याच्या घरची चूल विझवायची, ही गावची रीत.

"काका, हे तिचं घर नव्हतं."

"मग राहायची कुठं ती?"

लिव्हियानं वर बोट दाखवलं. "माळा गार पडला तर सगळ्यांची फळं बुरसतील."

फोस्को मटकन बसला. "आता वरून शिव्या घालत असेल मला."

"मोठ्यानं नाही. इथं ती हळू बोलायची."

दोघांनी राख बाजूला सारली. तळाशी एक निखारा लाल होता. फोस्को फुंकायला वाकला, तसं लिव्हियानं त्याचा खांदा धरला. अर्मेलिना कधी फुंकत नसे. ती गेल्या वर्षीची टरफलं वर पसरायची आणि वाट पाहायची. लिव्हियानं तेच केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक बारीक रेघ उठली, आणि फोस्कोला ठसका लागला.

लिव्हिया शिडी चढली. अर्धा महिना सरला की फळं पालटायची असतात, खालची वर, वरची खाली. त्याच कामात काल अर्मेलिनाला दम लागला होता. "जरा पडते," म्हणून ती घरी गेली होती.

माळ्याचा अर्धा भाग पालटून झाला होता. तिथली फळं सुकून फिकट दिसत होती. खिडकीकडची अजून काळपट, ओलसर होती. मधल्या रेषेवर लाकडी फावडं पडलं होतं, त्याच्या पात्यात मूठभर फळं तशीच.